विमानाचं अंतर आणि वेळ सांगणारं ॲप: किलोमीटर पक्के, तास रामभरोसे

रेटिंग आधीच देऊन टाकतो, पाचपैकी तीन. आणि हे तीनही अंतरासाठी आहेत. वेळेच्या बाबतीत यावर विसंबून कुणी तिकीट काढणार असेल तर आधी हे वाचा, मग काढा.

ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या जातीची ॲप्स आणि वेबसाइट्स ढिगाने आहेत आणि मी बघितली ती सगळी आतून सारखीच निघाली. दोन शहरांची नावं टाकायची, नकाशावर एक वाकडी रेघ येते, वर किलोमीटर, खाली 'फ्लाइट टाइम', त्याच्याखाली हॉटेलांच्या जाहिराती. मला हे लागलं आईबाबांसाठी. ताई असते अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियात, फ्रीमाँटला, आणि आम्ही कोथरूडला, त्यामुळे ते दोघं निघायचे म्हटलं की घरात एकच चर्चा, दुबईवरून जायचं, सिंगापूरवरून की फ्रँकफर्टवरून. बाबांचं म्हणणं, जो रस्ता कमी किलोमीटरचा तोच कमी वेळाचा, यात डोकं लावण्यासारखं आहे काय. आईचं म्हणणं, जिथे कमी चालावं लागेल तिथून न्या. मी म्हटलं थांबा, ॲपलाच विचारू.

पुणे ते सॅन फ्रान्सिस्को टाकलं. उत्तर आलं साधारण १३,५४० किलोमीटर आणि साडेसोळा तास.

यातले किलोमीटर अगदी बरोबर आहेत. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन, पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून मी स्वतः गणित करून पाहिलं, फरक नगण्य. शाळेत भूगोलात 'बृहद्वृत्त' म्हणून दोन मार्कांना विचारायचे ना, तेच हे, गोलावर दोन ठिकाणांमधला सगळ्यात जवळचा रस्ता. प्रॉब्लेम एवढाच की हा रस्ता भिंतीवरच्या नकाशावर अजिबात जवळचा दिसत नाही. ॲपने रेघ दाखवली ती पुण्यातून निघून थेट वरती उत्तरेला, आणि बाबा भडकले. अमेरिकेला जायला सायबेरियातून कशाला जातोय हा, हे ॲप गंडलंय म्हणाले. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डावीकडे, मग जाणार डावीकडूनच, युरोपवरून. चाळीस वर्षं हेच डोक्यात.

मग अप्पा बळवंत चौकातून शाळेच्या पोरांना घेतात तसला एक पृथ्वीगोल आणला आणि आईच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा काढला. एक टोक बाबांनी पुण्यावर अंगठ्याने दाबून धरलं, दुसरं मी सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणला. सैल होता तोपर्यंत युरोपवर लोळत होता, ताणला तसा आपोआप वर सरकत सरकत गेला आणि एका जागी घट्ट बसला. बघितलं तर पुण्यातून निघून जवळपास दिल्लीच्या डोक्यावरून, मग लडाख, शिंजियांग, सायबेरियात क्रास्नोयार्स्कच्या आसपास, तिथून आर्क्टिक महासागरात थेट ७५ अंश उत्तरेपर्यंत, पलीकडे अलास्काच्या उत्तर टोकाला उतरून कॅनडाचा पश्चिम किनारा धरून खाली सॅन फ्रान्सिस्को. ॲपची रेघ आणि दोरा, सेम टु सेम. बाबांनी दोनतीनदा युरोपकडून दोरा लावून बघितला, दर वेळी तो लांब भरला. मग गप्प. इथे ॲपला पैकीच्या पैकी मार्क, आणि मुलं असतील घरात तर हा दोऱ्याचा प्रकार जरूर करा, अर्ध्या तासात अख्खा धडा होतो.

आता गंमत अशी की ही जी सगळ्यात जवळची रेघ आहे त्यावरून प्रत्यक्षात कुणी जातच नाही. एक तर पुण्याहून अमेरिकेला डायरेक्ट विमानच नाही. लोहगावची धावपट्टी साधारण अडीच किलोमीटरची, विमानतळ मुळात हवाई दलाचा, वर पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्याही वर, म्हणजे हवा जरा विरळ, आणि सोळा तासांचं इंधन भरलेलं जड विमान उडायला लांब पट्टी लागते. मुंबईची मोठी पट्टी जवळपास साडेतीन किलोमीटरची आहे. ॲप मात्र 'पुणे ते सॅन फ्रान्सिस्को फ्लाइट टाइम' असं ठणकावून लिहितं, जणू लोहगावला नव्या टर्मिनलवर गेलो, बसलो, एक झोप काढली आणि उतरलो. नवं टर्मिनल २०२४ मध्ये सुरू झालं, छान आहे, पण टर्मिनल नवं झालं म्हणून पट्टी लांब होत नाही.

दुसरं म्हणजे हवाई हद्दी. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाची हद्द अमेरिकन आणि युरोपियन कंपन्यांना बंद झाली. पाकिस्तानची हद्द २०१९ मध्ये बालाकोटनंतर जुलैपर्यंत बंद होती आणि एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना परत बंद झाली, त्याने दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना मोठा वळसा पडायला लागला. तिबेटच्या पठारावरून जाणंही टाळतात, कारण केबिनमधला दाब गेला तर विमान झटकन दहा हजार फुटांवर आणावं लागतं आणि तिथे खाली जमीनच त्याच्या वर असते, आणणार कुठे? त्यात अशा निर्जन भागात काही बिघडलं तर उतरायलाही जागा लागते. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान इंजिनच्या तक्रारीमुळे रशियातल्या मगदानला उतरवलं होतं, ते आठवत असेल. यातलं काही ॲपला माहीत नाही. त्याला पृथ्वी म्हणजे एक गुळगुळीत चेंडू, त्यावर ना डोंगर ना देश.

पण हेही मी माफ करेन. खरी चीड येते ती वेळेच्या आकड्याची.

हा आकडा काढतात कसा, तर अंतर भागिले ताशी साडेआठशे किलोमीटर, अधिक अर्धा तास चढा-उतरायला. झालं. जाताना साडेसोळा, येतानाही साडेसोळा. दोन शहरांची नावं उलटी टाकून बघा, एक मिनिटाचा फरक पडणार नाही. आणि ज्याने एकदाही लांबचा प्रवास केलाय त्याला माहितीये की जाताना आणि येताना सारखा वेळ कधीच लागत नाही.

कारण वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे विमानं जिथे उडतात तिथेच, जेट स्ट्रीम नावाचा पट्टा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, कधी कधी ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर, आणि हिवाळ्यात जास्तच जोरात. तो पाठीशी असला की विमान सुसाट, समोरून आला की तेच विमान तेवढंच इंधन जाळत रखडतं. बाबांनी इथे आडवा प्रश्न टाकला, की पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे पूर्वेचं शहर विमानापुढे पळत असणार, मग पूर्वेला जायला उलट जास्त वेळ लागायला हवा. प्रश्न बिनतोड वाटतो पण तसं होत नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबर फिरते आणि विमानही. डेक्कन क्वीनमध्ये डब्यातून इंजिनाच्या दिशेने चालत गेलो काय आणि उलटं गेलो काय, आपल्याला पावलं सारखीच टाकावी लागतात. फरक पाडतो तो वारा, फिरणं नाही. (बाबांना पटलं असं म्हणणार नाही, विषय बदलला एवढंच.)

याचं सगळ्यात भारी उदाहरण आपल्याच एअर इंडियाचं आहे. त्यांचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झालं तेव्हा पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी तेच विमान उलट बाजूने न्यायला सुरुवात केली, बांगलादेश, म्यानमार, चीन, जपान आणि मग अख्खा पॅसिफिक. हा रस्ता साधारण १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे आधीच्यापेक्षा हजार-दीड हजार किलोमीटर जास्त, आणि वेळ? साडेचौदा तास, आधीपेक्षा जवळपास दोन तास कमी! रस्ता लांब आणि पोचले लवकर. ॲपच्या हिशेबात हे बसूच शकत नाही, त्याच्या मते जास्तीच्या किलोमीटरना दीड-दोन तास वाढायला हवे होते. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सगळ्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला विमान उत्तर ध्रुवावरून आणलं, तेही याच गणितातून. येताना वाऱ्याशी भांडण्यापेक्षा ध्रुवावरून सटकलेलं परवडतं.

मग मी आमच्या तीन रस्त्यांचा हिशेब मांडला, मुंबईहून धरून. दुबईमार्गे ॲपचे दोन तुकडे जोडले तर साधारण १,९३० आणि १३,०४०, म्हणजे जवळपास १५,००० किलोमीटर. फ्रँकफर्टमार्गे ६,५७० आणि ९,१५०, म्हणजे १५,७०० च्या वर. सिंगापूरमार्गे ३,९२० आणि १३,५९०, साडेसतरा हजार. बाबांनी तिथल्या तिथे सिंगापूर बाद केलं, हा तर उलटाच रस्ता आहे म्हणाले, आणि किलोमीटरने बघितलं तर बरोबरच आहे त्यांचं. पण कंपन्यांच्या वेळापत्रकातले तास लावले की चित्र पालटतं. दुबईमार्गे सव्वातीन आणि सोळाच्या आसपास, म्हणजे एकोणीस-सव्वाएकोणीस. फ्रँकफर्टमार्गे नऊ आणि साडेअकरा, म्हणजे साडेवीस. आणि सिंगापूरमार्गे साडेपाच आणि पंधरा, तेही साडेवीसच! अठराशे किलोमीटर जास्त कापून फ्रँकफर्टच्या बरोबरीला, कारण सिंगापूरहून पुढे पॅसिफिकभर वारा पाठीत.

येताना बरोबर उलटं होतं. सॅन फ्रान्सिस्को ते सिंगापूर सतरा तासांच्या आसपास, नुसते बसून बसून पाय सुजतात, आणि फ्रँकफर्टकडून आलं तर अकरा आणि आठ, म्हणजे एकोणीसच. म्हणजे वाऱ्याचाच विचार करायचा तर जाताना सिंगापूर आणि येताना फ्रँकफर्ट, सगळा प्रवास पूर्वेकडे, पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण. बाबांना ही आयडिया भयंकर आवडली, पुण्य किती लागेल ते आईला विचारायला लागले. तिकिटाचा दर बघितला आणि प्रदक्षिणा तिथेच संपली.

दुबईचं विशेष असं की तिथून सॅन फ्रान्सिस्कोची रेघ जवळपास सरळ उत्तरेला चढते आणि आर्क्टिकवरून पलीकडे उतरते, त्यामुळे वारा फार मदतही करत नाही आणि फार अडवतही नाही. जाताना-येताना दोन्ही वेळा सोळाच्या आसपास. या एका मार्गावर ॲपचा आकडा बऱ्यापैकी जुळला. योगायोगाने का होईना.

आता आपल्या पुणेकरांचं खास दुखणं, जे जगातलं कुठलंच ॲप धरत नाही. कोथरूड ते मुंबई विमानतळाचं टी-टू, म्हणजे टर्मिनल दोन, साधारण १५० किलोमीटर. एकूण अंतराच्या तुलनेत एक-सव्वा टक्का. विमान एवढं अंतर दहा-अकरा मिनिटांत पार करतं, आणि आपण? मॅप दाखवतो तीन-सव्वातीन तास, पण एअरपोर्ट ड्रॉपवाला फोनवर सांगतो, "काका, पाच तास धरून चला, घाटाचं काय सांगता येत नाही." आणि खरंच सांगता येत नाही. खंडाळ्याला एखादा ट्रेलर आडवा झाला की संपलं, मागे उर्से नाक्यापर्यंत लाल रेघ. लाँग वीकेंडच्या आदल्या संध्याकाळी तर विचारूच नका. वर विमानतळावर तीन तास आधी पोचा हे वेगळं. म्हणजे विमानाची चाकं जमिनीवरून उचलायच्या आधीच आठ तास गेले, आणि ॲप म्हणतं साडेसोळा! त्यात दुबईत चार तासांचा लेओव्हर, उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, मग बॅगा, मग ताईची गाडी. घराच्या दारापासून दारापर्यंत बत्तीस-तेहतीस तास सहज होतात. निम्मे तास बसण्याचे, निम्मे ताटकळण्याचे.

लोहगावहून दुबई गाठायची आणि पुढचं वेगळं तिकीट काढायचं असा सल्ला आमच्या सोसायटीत एकाने दिला. घाट वाचतो हे खरं, पण दोन वेगळी तिकिटं म्हणजे दोन वेगळे पीएनआर. पहिलं विमान लेट झालं तर दुसरी कंपनी थांबत नाही आणि पैसेही सहसा परत देत नाही, बॅगा मध्ये घेऊन परत चेक-इन कराव्या लागू शकतात, टर्मिनल वेगळं असलं तर आणखी धावपळ. तरुण पोरं असाल, पाठीवर एकच सॅक असेल तर बघा. सत्तरीच्या माणसांना, तेही लोणच्याच्या बरण्या आणि भाजणीच्या पिशव्यांसकट, मी तरी पाठवणार नाही.

बाकी ॲपच्या बारीकसारीक तक्रारी. एकक आपोआप नॉटिकल माइलवर जातं आणि लिहितं नुसतं 'माइल', त्यामुळे बाबांना ७,३०० दिसले, ताईने तिकडून ८,४०० सांगितले आणि दोघांची फोनवर जुंपली. दोघंही बरोबर होते, नॉटिकल माइल १.८५२ किलोमीटरचा असतो आणि साधा १.६०९ चा. घड्याळाचा फरक ॲप कायम साडेबारा तास दाखवतं. तो फक्त त्यांच्या उन्हाळी वेळेत खरा, नोव्हेंबर ते मार्च तो साडेतेरा होतो, आणि आईसारखी माणसं ठरलेल्या वेळी गोळ्या घेत असतील तर एक तासाची चूकही त्रास देते. आणि तिकिटावरच्या वेळेत गेटवरून हलल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचा सगळा वेळ धरलेला असतो, धावपट्टीपर्यंतच्या रांगेसकट. ॲप फक्त हवेतलं धरतं, म्हणून दोन्ही आकडे कधीच जुळत नाहीत आणि लोक उगाच कंपनीला शिव्या घालतात.

म्हणून तीन स्टार. अंतर, नकाशावरची रेघ, कुठल्या देशावरून जाते वगैरे कुतूहलासाठी मस्त आहे, नुसती रेघच बघायची असेल तर ग्रेट सर्कल मॅपर ही जुनी साइट जास्त सुटसुटीत. बनवणाऱ्यांना एकच विनंती, वेळेचे निदान दोन आकडे द्या, जातानाचा वेगळा आणि येतानाचा वेगळा, आणि ज्या दोन शहरांत डायरेक्ट विमानच नाही तिथे तसं लिहा.

आम्ही शेवटी दुबईचंच काढलं, मुंबईहून, एकाच पीएनआरवर, आणि दोघांना व्हीलचेअर बुक केली, कारण हवेतला तासभर वाचवण्यापेक्षा मधल्या विमानतळावर चालणं वाचणं आईला महत्त्वाचं. तुम्ही काढणार असाल तर ॲपमधला 'फ्लाइट टाइम' सोडून द्या, विमानाचा नंबर घ्या, फ्लाइटरडार२४ वर जाऊन ते विमान गेल्या आठवड्यात रोज किती वाजता उडालं आणि किती वाजता उतरलं ते बघा, जातानाचं वेगळं आणि येतानाचं वेगळं, आणि त्यावरून मधल्या कनेक्शनला दोन तास पुरतील का चार लागतील ते ठरवा.